जुन्या वर्कस्टेशनवर रेंडर लावणाऱ्या माझ्या बहिणीला

आधी एवढं ऐकून घे. व्ह्यू फिरवला की मशीन अटकतं, एक रेंडर निघायला रात्र जाते, आणि क्लासमधली दुसरी पोरं लॅपटॉपवर तेच काम चहा होईस्तोवर काढून दाखवतात. म्हणून तुला थ्रीडी जमत नाही, असं मुळीच नाही. तू पाठवलेली फाईल मी उघडून पाहिली. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्याचे सज्जे तू ज्या मापात बसवलेस, ते पाहून मला खरंच अभिमान वाटला. तुझा हात चांगला आहे. अडलंय ते मशीनमध्ये, आणि मशीनमध्ये नेमकं कुठं अडलंय हे शोधून काढता येतं.

घरात काय चाललंय तेही मला ठाऊक आहे. काका म्हणतात, हप्त्यावर नवीन घेऊ. काकू म्हणते, एवढे पैसे घातले अन् आता काहून चालत नाही? दुकानवाला म्हणतो, ताई, हे भंगारात टाका. या तिघांपैकी कोणाचंच इतक्यात मनावर घेऊ नको. काका हप्ते भरायला तयार आहेत ते तुझ्या मायेपोटी, पण ज्या पोरीचं पहिलं काम अजून यायचं आहे तिच्या डोक्यावर हप्ता बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्याकडे एचपी झेड४२० आहे. ही मशीनं २०१२ च्या सुमाराची. मोठ्या कंपन्यांनी, इंजिनीअरिंग ऑफिसांनी ती घेतली, काही वर्षं वापरून काढली, आणि मग लॅमिंग्टन रोड, नेहरू प्लेस असं करत करत ती रिफर्बिश्ड म्हणून आपल्या वऱ्हाडात येतात. तुझ्या मशीनमध्ये झिऑन ई५-२६७० प्रोसेसर आहे: आठ कोअर, सोळा थ्रेड, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, जोर लागला तर ३.३ पर्यंत. सोबत क्वाड्रो के२००० कार्ड, २ जीबीचं. हे सगळं टाकाऊ नाही. पण कोणत्या कामाला ते धावतं आणि कोणत्या कामाला बसून राहतं, हे तुला कळायला हवं.

आज संध्याकाळी एक कर. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं लाव. सोळा चौकटी दिसतील. आता स्केचअपमध्ये तुझं ते बंगल्याचं मॉडेल उघडून व्ह्यू फिरव. एखादीच चौकट वर चढेल, कधी ही, कधी ती, कारण विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं. एकूण आकडा ६-७ टक्क्यांच्या आसपास दिसेल. मशीन अटकलेलं, आणि प्रोसेसर म्हणतो मी तर रिकामाच आहे! सोळातला एक म्हणजे सव्वासहा टक्के, तेवढाच तो कामाला लागलेला असतो. मग ब्लेंडरमध्ये सायकल्स इंजिनचं रेंडर सीपीयूवर लाव आणि तीच खिडकी पाह. सोळाच्या सोळा चौकटी काठोकाठ भरतील.

मॉडेलिंग करताना व्ह्यू फिरवणं आणि शेवटचं रेंडर काढणं ही दोन अगदी निराळी कामं आहेत. कापूस वेचायला सोळा बाया लागल्या तर वावर लवकर उरकतं, पण बैलगाडी हाकायला माणूस एकच लागतो, सोळा जण चढून बसले म्हणून गाडी जोरात जात नाही. तुझं मशीन वेचणीला चांगलं आहे, हाकायला नाही. आजचे प्रोसेसर एका कोअरवर ५ गिगाहर्ट्झच्या पुढं जातात आणि प्रत्येक ठोक्याला कामही जास्त करतात. तिथं आपलं २०१२ चं झिऑन मागं पडणारच. म्हणून व्ह्यू अटकत असेल तर मशीनवर जोर काढू नको, सीन हलका कर. स्केचअपमध्ये काम करताना शॅडो बंद, प्रोफाईलच्या जाड रेषा बंद, फर्निचर आणि झाडांचे टॅग लपवलेले. ब्लेंडरमध्ये सॉलिड मोडमध्ये राहा, रेंडर मोड सारखा चालू ठेवू नको. यानं सगळं मख्खन होणार नाही, पण काम करता येईल इतपत नक्की होतं.

आता तुझ्या दरवाज्याकडं येते, कारण तुझा खरा वेळ तिथं जातो आहे. महाकाली दरवाजा १४८७ चा, बहमनी काळातला. पांढरट वालुकाश्म, कमळांची नक्षी, अरबी शिलालेख, आणि दोन्ही बाजूंना पुढं आलेल्या सज्ज्यांच्या दगडी जाळ्या, नक्षी निरनिराळी. एवढं कोरीवकाम मॉडेल करायला घेतलंस, हेच मोठं आहे. पण फाईलमध्ये मी पाहिलं, तू एकूणएक कमळ शिफ्ट-डीनं कॉपी केलं आहेस आणि प्रत्येकावर सबडिव्हिजन चौथ्या पायरीवर ठेवलं आहेस. सबडिव्हिजनची एक पायरी वाढली की फेस चौपट होतात. ५०० फेसचं कमळ चौथ्या पायरीला १,२८,००० फेसचं होतं. अशी ६० सुटी कमळं म्हणजे ७६ लाखांवर फेस, आणि तेवढी सगळी रॅममध्ये जाऊन बसणार. त्याऐवजी एक कमळ नीट बनव, दुसऱ्या पायरीवर आण, मॉडिफायर अप्लाय कर, आणि मग ऑल्ट-डीनं जोडलेल्या प्रती कर. मग मेमरीत कमळ एकच राहतं, जागा तेवढ्या साठ. मॉडिफायर तसाच ठेवून ऑल्ट-डी केलंस तर हा फायदा हातून जातो, कारण ब्लेंडर प्रत्येक प्रतीचा आकार पुन्हा वेगळा काढत बसतं. स्केचअपमध्ये हेच काम कंपोनंट करतो.

जाळीचं मात्र उलटं आहे. तुला कोणीतरी सांगितलं असेल की भोकं कापू नको, सपाट पत्र्यावर अल्फाचं चित्र लाव. मेमरीला ते हलकं, खरं आहे. पण सायकल्समधला प्रत्येक किरण त्या पत्र्याला लागला की थांबून पाहतो, इथं दगड आहे की मोकळं, आणि पुढं निघतो. जाळीमागं जाळी आली की हे थांबणं वाढत जातं. तुझ्याकडं रॅम पुरेशी आहे, वेग कमी आहे. तेव्हा जाळीची भोकं खरीच ठेव, फक्त एकेका नक्षीचा छोटा तुकडा एकदाच बनवून ऑल्ट-डीनं जोडत जा.

मटेरिअलचा हिशेब तर एकदा वहीतच मांड. ४०९६ बाय ४०९६ चं टेक्स्चर डिस्कवर जेपीजी म्हणून तीन-चार एमबीचं दिसतं, पण रेंडरला घेताना ते उलगडतं आणि मेमरीत ६४ एमबी खातं. एका दगडाला रंगाचा, रफनेसचा आणि नॉर्मलचा असे तीन नकाशे, मटेरिअल वीस, म्हणजे साठ नकाशे. झाले ३८४० एमबी. तुझं कार्ड २ जीबीचं! ते जीपीयूवर रेंडर करताना मेमरी संपल्याचं सांगून बंद पडतं ते याचमुळे, तुझ्या हातून काही बिघडलं नाही. तेच नकाशे २०४८ चे केलेस तर एकेक १६ एमबीचा, साठांचे मिळून ९६० एमबी. कॅमेऱ्यापासून लांबच्या तटबंदीला १०२४ चाही पुरतो. फाईलमध्ये एकेक बदलायचा कंटाळा असेल तर सिम्प्लिफायमध्ये टेक्स्चर लिमिट आहे, एका जागेवरून सगळ्यांना वेसण घालता येते. आणि के२००० वर रेंडर लावूच नको, या मशीनमध्ये सायकल्ससाठी सीपीयूच धर. खात्री करायची तर एकच फ्रेम दोन्हीवर लावून मिनिटं लिहून काढ.

मग सॅम्पल. तू ४०९६ ठेवले होतेस, कारण चित्रात दाणे दिसतात. हे दाणे सॅम्पलच्या वर्गमुळाच्या हिशेबानं कमी होतात: दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट, पुन्हा निम्मे करायचे तर सोळापट. जुन्या मशीनवर या शर्यतीत उतरायचंच नाही. २५६ सॅम्पल ठेव आणि डिनॉइझर लाव. इंटेलचा ओपन इमेज डिनॉइझ ब्लेंडरमध्ये २.८१ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, आणि तो सीपीयूवर चालतो, महागडं कार्ड मागत नाही. २.८३ पासून अॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंगही आलं, जिथं चित्र स्वच्छ झालं तिथं ते थांबतं आणि उरलेला वेळ अंधाऱ्या कोपऱ्यांना देतं. एक सांभाळ: सॅम्पल फारच कमी ठेवून सगळा भार डिनॉइझरवर टाकलास तर तो कोरीवकाम पुसट करतो. कमळाच्या पाकळ्यांच्या कडा गुळगुळीत व्हायला लागल्या की सॅम्पल थोडे वाढव.

चित्राच्या मापावर मला जास्त बोलायचं आहे, कारण अमरावतीत थ्रीडी एलिव्हेशनचं काम करताना सगळ्यात जास्त वेळ मी इथंच वाचवते. आपलं गिऱ्हाईक कोण? घर बांधणारा माणूस, छोटा बिल्डर, एखादे आर्किटेक्ट सर. ते एलिव्हेशन पाहतात व्हॉट्सॲपवर, फोनच्या स्क्रीनवर, आणि व्हॉट्सॲप चित्र आणखी दाबून पाठवतं. त्यांना फोर-के काढून देण्यात काय हशील? १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल, फोर-के म्हणजे त्याच्या चौपट, वेळही जवळपास चौपट. रंग पसंत करायला, खिडकीची जागा ठरवायला ९६० बाय ५४० पुरतं, ते पाव वेळात निघतं. गिऱ्हाईकानं होकार दिला, पैसे ठरले, की मग मोठं रेंडर रात्री लाव. भूमिपूजनाच्या फ्लेक्सची काळजी करू नको. फ्लेक्स लांबून पाहतात, त्याला छापील पुस्तकाएवढी बारकाई लागत नाही.

वॉकथ्रूला मात्र घाईनं हो म्हणू नको. तीस सेकंदांचा वॉकथ्रू, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं धर, ३००० मिनिटं, पन्नास तास. तुझं मशीन दोन दिवस, दोन रात्री अडकून राहणार, हे गिऱ्हाईकाला आधी सांग. आणि कधीही सरळ व्हिडिओ फाईलमध्ये रेंडर करू नको. पीएनजी फ्रेमांची मालिका काढ. लाईन गेली तर एखादी फ्रेम जाईल, व्हिडिओ फाईल असती तर सगळंच गेलं असतं. आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद ठेवलंस की मशीन पुन्हा चालू झाल्यावर झालेल्या फ्रेमा ब्लेंडर सोडून देतं आणि पुढच्या करत जातं. फक्त लाईन जाताना जी फ्रेम अर्धवट राहिली असेल ती आधी हातानं डिलीट करायची.

लाईनीचं निघालंच आहे तर तुझ्या यूपीएसबद्दलही सांगते. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. रेंडर चालू असताना मॉनिटरसह त्यावर मशीन ठेवलं तर फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो, रेंडर पुरं करायला नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर हे मशीन लावू नको, अशा मशीनचे एसएमपीएस बऱ्याचदा त्या करंटवर बंद पडतात. साइन वेव्हचा असेल तर चालतो. विजेच्या बिलाची काकूला धास्ती वाटते ना? मशीन २५० वॅट ओढत असेल तर दहा तासांत अडीच युनिट होतात. हा आकडा तिला सांग, म्हणजे रात्रीच्या रेंडरवरून कुरबूर होणार नाही.

आता उन्हाळा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. हिवाळ्यात खोली २५ असताना तो ७० वर असेल, तर मे महिन्यात खोली ४५ ला गेल्यावर ९० वर जाणार. ठरावीक मर्यादेला पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तुला वाटतं सीन जड झाला, खरं तर मशीनला ऊन लागलेलं असतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक आणि रेंडर चालू असताना तापमान आणि वेग दोन्ही पाह. शक्य तितकं रेंडर रात्री लाव.

आणि धूळ! तुमच्या घराच्या मागं जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुईचे तंतू हवेत असतात, ते पंख्यातून ओढले जाऊन हीटसिंकच्या पातींमध्ये चिकटतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण तो काढला की खाली पांढुरका नमदा बसलेला असतो, आणि त्यातून हवा जातच नाही. वर्षातून दोनदा तरी उघडून साफ करायला हवं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, उलटी गरगर फिरू देऊ नको. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाव. आत हवेसाठी प्लास्टिकचं आवरण असेल तर ते विसरून बाहेर ठेवू नको, हवा त्यातूनच वळून जाते. कूलरच्या झोतात मशीन ठेवलंस का? ठेवलं असेल तर आजच हलव. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, तिच्याबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि आपल्याकडच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. खोली गार होऊ दे, झोत मात्र दुसरीकडं असू दे.

पैसे घालायचेच तर माझा क्रम असा. साफसफाई आणि पेस्ट आधी, त्याला फार पैसे लागत नाहीत. मग एसएसडी. त्यानं रेंडरची मिनिटं कमी होत नाहीत, पण फाईल उघडणं, टेक्स्चर वाचणं, विंडोज सुरू होणं, सगळं बदलतं, आणि तुझी चिडचिड निम्मी होते. मग रॅम. या प्रोसेसरला मेमरीचे चार मार्ग आहेत, म्हणून सारख्या चार स्टिक लाव, एकच मोठी नको. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते, पण झेड४२० ला ती चालत नाही, दुकानात कोणी कितीही सांगो. कार्ड सगळ्यात शेवटी. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, म्हणून वेगळी वायर न लागणारं जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० अशा मशीनला जुळतं. त्याहून मोठं कार्ड घ्यायच्या फंदात पडू नको. या मशीनचा एसएमपीएस कंपनीच्या खास जोडणीचा असतो, बाजारातला साधा तिथं बसत नाही, म्हणजे कार्डामागं एसएमपीएस आणि त्यामागं आणखी काही, असं लचांड लागतं.

सॉफ्टवेअर नवं आलं की लगेच टाकायची सवय सोड. ब्लेंडर ३.० नं डिसेंबर २०२१ मध्ये ओपनसीएलवरचं रेंडर काढून टाकलं, म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या जुन्या फायरप्रो कार्डावर सायकल्स चालत नाही, कार्ड बिघडलेलं नाही. २०२४ च्या ४.२ ला एसएसई ४.२ असलेला प्रोसेसर लागतो. तुझं झिऑन त्यात बसतं, पण क्लासमधली कोअर टू ड्युओची मशीनं बाद झाली. त्याच ४.२ मध्ये ईव्ही, म्हणजे ब्लेंडरचं दुसरं रेंडर इंजिन, नव्यानं लिहिलं गेलं, आणि जुन्या कार्डांवर मला ते जड गेलं. ३.६ वर तुझं काम नीट चालत असेल तर तिथंच राहा. जुन्या आवृत्त्या ब्लेंडरच्या साइटवर सगळ्या ठेवलेल्या असतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाही. ब्लेंडरपुरतं लिनक्स मिंट टाकून पाह, छान चालतं. स्केचअप मात्र लिनक्सवर येत नाही, तेव्हा विंडोज दुसऱ्या पार्टिशनवर असू दे, आणि त्यावर बँकेची कामं करू नको.

लुमियनसारखं सॉफ्टवेअर तुझ्या मशीनवर शिकायचा हट्ट धरू नको. ते पूर्णपणे कार्डाच्या जोरावर चालतं, तिथं सीपीयूचे आठ कोअर उपयोगी पडत नाहीत. एखाद्या ऑफिसनं त्याच कामासाठी बोलावलं तर त्यांच्या मशीनवर शीक, दोन आठवड्यांत हाताला येतं. तुझ्याकडं जे मॉडेलिंग आणि प्रकाशाची नजर आहे, ती दोन आठवड्यांत कोणाला येत नाही. आणि मोठं रेंडर अडलंच तर शीपइट नावाचं फुकट रेंडर फार्म आहे. आपण दुसऱ्यांच्या फ्रेमा आपल्या मशीनवर काढून द्यायच्या, त्याचे गुण जमतात, आणि गरज पडेल तेव्हा आपल्या फ्रेमा दुसरे काढून देतात. ज्या रात्री तुझं मशीन रिकामं असेल, त्या रात्री लावून ठेव.

ऑस्कर मिळालेला 'फ्लो' तू पाहिलास का? लॅट्व्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा, मांजराचा, संवाद नसलेला सिनेमा. २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. तो ब्लेंडरमध्ये, ईव्हीवर केला आहे, रेंडर फार्मशिवाय, शेवटचं रेंडर दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर निघालं. त्यातल्या प्राण्यांच्या अंगावर एकेक केस दिसत नाही, रंगाचे फटकारे दिसतात. आपल्या साधनाला झेपेल अशी शैली त्यांनी निवडली आणि ती शेवटपर्यंत सांभाळली. तुझ्या दरवाज्यालाही हे लागू आहे. प्रत्येक दगडाची प्रत्येक चीर दाखवण्यापेक्षा सकाळचं तिरपं ऊन जाळीतून आत आलं आहे, एवढं एक चित्र नीट काढ. त्या एका चित्रावर तुला काम मिळेल.

हे सगळं करूनही रोजचं पोटाचं काम अडायला लागलं, गिऱ्हाईकं परत जायला लागली, तर नवीन मशीन घ्यायचं. तेव्हा मी स्वतः काकांशी बोलेन. पण ते तुझ्या कमाईच्या भरवशावर घ्यायचं, घाबरून नाही.

सध्या दोन फोटो पाठव. कॅबिनेटचं झाकण उघडून एसएमपीएसवरच्या लेबलचा एक, त्यावर किती वॅट ते दिसलं पाहिजे. दुसरा हीटसिंकचा, पंखा काढून. कार्ड मी इथं पाहून ठेवते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतर, मी घ्यायला येते, आणि येताना हार्ड डिस्कवर दरवाज्याची पूर्ण फाईल टेक्स्चरसकट घेऊन ये.